सासऱ्यांसाठी तेवीस लिटर

एकतीस वर्षं माझ्या सासऱ्यांनी मला नावाने हाक मारली नव्हती. माझं नाव काही अवघड नाही. पोस्टमनला ते येतं, शेजारच्या पोपटालाही येतं, आणि दातांच्या दवाखान्यातली बाई तर ते इतक्या गोड आवाजात पुकारते की एखादी चांगली दाढसुद्धा काढून घ्यावीशी वाटते. पण रेक्स हॅलोरन यांच्या लेखी मी ‘लायब्ररी’. मॅरियनशी माझं लग्न ठरलं तेव्हा मी न्यू नॉरफोकच्या वाचनालयात कारकून होतो. पुढे ग्रंथपाल झालो, गेल्या वर्षी निवृत्तही झालो. तरी घरात अजून ‘लायब्ररी, मीठ दे’ आणि ‘लायब्ररी, सरक, क्रिकेट दिसत नाही’ चालूच होतं. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. सासऱ्यांना कितव्या घरात बसवायचं हे मात्र कुठल्या पंचांगात दिलेलं नाही.

रेक्सनी चाळीस वर्षं डर्वेंटच्या खोऱ्यात हॉपची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची, फुलं वाळवायच्या भट्टीवर काम केलं. घरी धुण्याच्या खोलीत दर महिन्याला एक पिंप बिअर लावायचे. बिअर करता न येणारा पुरुष हा पुरता पुरुषच नव्हे, असं त्यांचं साधं तत्त्वज्ञान होतं. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले, पिंप उचलेना, तेव्हा ते आमच्याकडे राहायला आले आणि त्यांची बिअर थांबली. दुकानातली बिअर ते पितात, पण पिताना असा चेहरा करतात की देणाऱ्याला अपराधी वाटावं.

आमच्या दक्षिण गोलार्धात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. त्या नाताळच्या जेवणाला त्यांनी असाच ग्लास बाजूला सारला आणि म्हणाले, ‘साबणाचं पाणी.’

मेहुणा कीथ कोळंबी सोलत होता. तो म्हणाला, ‘मग लायब्ररीला लावायला सांगा की पिंप! पुस्तकात बघून करेल.’

सगळे हसले. मॅरियनसुद्धा हसली, फक्त तिने नॅपकिन तोंडाला लावला. माझा तोवर दुसरा ग्लास संपला होता. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, ‘करीन. रेक्स, तुमच्या नव्वदाव्या वाढदिवसाला सगळे जण माझ्या हातची बिअर पितील.’

रेक्सनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘तू?’ एवढंच म्हणाले.

त्या दुपारी मी हिरवळीवर खुर्ची टाकून पडलो आणि अर्धवट झोपेत मला सगळं दिसलं. रेक्स ग्लास उन्हात धरतात, पहिला घोट घेतात, डोळे मिटतात आणि मग माझं नाव घेतात. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. जागा झालो तेव्हा नाक भाजलेलं होतं. साठी उलटलेल्या माणसाने अशी स्वप्नं पाहू नयेत हे मला कळतं, पण स्वप्न काही वय विचारून पडत नाही.

आता कोणी म्हणेल, बिअर शिकायची तर घरातच नव्वदीचा उस्ताद बसला होता, त्याला विचारायचं. पण ज्याची परीक्षा द्यायची त्यालाच उत्तरं विचारायची, हे माझ्या स्वाभिमानात बसेना. म्हणून मी इंटरनेटवरच्या ‘घरगुती बिअर कट्ट्या’चा सभासद झालो. तिथे प्रत्येकाला टोपणनाव घ्यावं लागतं. मी बराच वेळ विचार केला, आणि बोटांनी आपसूक ‘लायब्ररी’ असं टाइप केलं. पुसेपर्यंत मंजूरही झालं.

कट्ट्यावरची माणसं मोठी प्रेमळ. बॅलरॅटचा कोणी ‘काळी बाटली’, डनीडिनच्या ‘मिसेस यीस्ट’ आणि आणखी शंभरेक. एक साधा प्रश्न टाकला की पाच मिनिटांत वीस उत्तरं येत, आणि विसांची वीस तोंडं वीस दिशांना. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं: बिअर आंबत असताना अठरा अंशांच्या वर जाता कामा नये. आमच्या घरात जानेवारीत पारा एकोणतिसावर होता.

‘पिंप बाथटबात ठेव, टबात गार पाणी भर, पिंपाला ओला टॉवेल गुंडाळ आणि पंखा लाव,’ मिसेस यीस्टनी लिहिलं.

मी अक्षरशः तसं केलं. माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या जवाचा पाक, गरम पाणी, हॉप, यीस्ट, असं तेवीस लिटरचं पिंप टबात विराजमान झालं. पंखा आला, टॉवेल आला. टॉवेल मॅरियनच्या लग्नातला निघाला हे नंतर कळलं.

‘म्हणजे तुझ्या पिंपाला टब आणि मला बादली?’ मॅरियन म्हणाली.

‘दोनच आठवडे.’

‘पिंपाला पंखासुद्धा! मला बाळंतपणात पंखा मिळाला नव्हता.’

त्या दिवसापासून आम्ही शेजारी डॅरलकडे आंघोळीला जाऊ लागलो. डॅरल निवृत्त प्लंबर आहे, माणूस लाखाचा, पण त्याच्या न्हाणीघरात गेलं की बाहेर दाराला टेकून तो सल्ला देतो. अंगाला साबण लागलेल्या माणसाला वाद घालता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

पिंपाच्या झाकणावर एक वाकडी नळी असते, तिच्यात थोडं पाणी असतं. आतला वायू त्यातून ‘ब्लुप’ करून बाहेर पडतो. ब्लुप आला म्हणजे बिअर जिवंत. माझ्या नळीतून पहिला दिवस ब्लुप नाही, दुसरा दिवस ब्लुप नाही. मी कट्ट्यावर हंबरडा फोडला.

‘शांत राहा. झाकण उघडू नकोस,’ काळी बाटली म्हणाला.

मी फक्त नऊ वेळा उघडलं.

रेक्स रोज वॉकर ठोकत न्हाणीघराच्या दारापर्यंत येत आणि विचारत, ‘काय म्हणतात तुझी ती पेटीतली माणसं?’

‘वाट बघा म्हणतात.’

‘हे सांगायला शंभर माणसं लागली?’ असं म्हणून ते वळत.

शेवटी डॅरलने दाराबाहेरून निदान केलं. ‘दोस्ता, वायू झाकणाच्या रबरातून निसटतोय. नळीतून कशाला येईल तो? व्हॅसलिन लाव. चाळीस वर्षं मी दुसरं काय केलं?’ मी पंचा गुंडाळून तसाच अंगण ओलांडून घरी धावलो. समोरच्या चर्चमधून भजनी मंडळी बाहेर पडत होती. त्यांनी ओळख दाखवली नाही, यातच त्यांचा थोरपणा. व्हॅसलिन लावलं, झाकण दाबलं, आणि दहा मिनिटांनी नळी बोलली. ब्लुप.

त्यानंतरचा आठवडा माझ्या आयुष्यातला फार सुखाचा गेला असं मी म्हणेन. दुपारी मी न्हाणीघरातल्या गार फरशीवर उशी घेऊन पडायचो. पंखा फिरायचा, टबातल्या पाण्याची जाळी छतावर हलायची, आणि दर चार सेकंदांनी ब्लुप. वासही यायचा, पावाचा, फुलांचा, ओल्या गवताचा. जाग कुठे संपते आणि झोप कुठे लागते ते कळायचं नाही. एकदा तर पिंपच मला नावाने हाक मारतंय असं वाटलं आणि मी ‘ओ’ दिली.

एका दुपारी डोळे उघडले तर रेक्स कमोडच्या झाकणावर बसलेले, हात वॉकरवर, डोळे मिटलेले. किती वेळ बसले होते कोण जाणे. पाचपन्नास ब्लुप गेले असतील.

‘भट्टीच्या माळ्यावर आम्ही वाळलेल्या फुलांत झोपायचो,’ ते एकदम म्हणाले. ‘गरम असायची फुलं. मालक ओरडायचा, पण हॉपमध्ये पडलं की माणूस उठतच नाही. मॅरियनची आई मला तिथे येऊन हलवायची. अजून कधी कधी वाटतं, मी तिथेच झोपलोय आणि हे बाकीचं सगळं...’ त्यांनी पंखा, टब, टॉवेल आणि मी यांच्यावरून हात फिरवला.

मला वाटलं, आता घेतील नाव. हीच ती वेळ. मी कोपरावर उठून बसलो.

‘लायब्ररी,’ ते म्हणाले, ‘मला उठव. पाय मेला.’

बाटल्या भरायचा दिवस उजाडला. इथे थोडं शास्त्र सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. आंबून झालेल्या बिअरमध्ये फेस नसतो. बाटलीत भरताना थोडी साखर घालून बूच ठोकायचं, म्हणजे उरलेलं यीस्ट ती खातं आणि आत वायू धरतो. साखर कमी पडली तर बिअर मचूळ, जास्त झाली तर बाटली बाटली राहत नाही. कट्ट्याचा आधुनिक संप्रदाय सांगतो की सगळी साखर मोजून, पाण्यात उकळून एकदाच पिंपात मिसळावी. मी ग्रॅमवर मोजली, मिसळली, आणि वहीत वेळेसकट नोंदवली. मग धुण्याच्या खोलीत तीस मोठ्या तपकिरी बाटल्या भरल्या आणि प्रत्येकीवर बूच नुसतं टेकवून ठेवलं. रेक्स कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून पाहत होते. त्यांना दुपारी उशिरा जाग आली होती, त्यामुळे पिंपातल्या साखरेचा सोहळा हुकला होता.

बूच ठोकायचं यंत्र हाती घेतलं आणि मला शंका आली की दांडा एकदा दाबायचा की दोनदा. कट्ट्यावर या विषयावर चौदा पानांचं भांडण होतं. ते मी आत जाऊन वाचलं. परत आलो तेव्हा रेक्स तसेच खुर्चीत होते, थोडे धापा टाकत.

‘झालं वाचन?’ ते म्हणाले. ‘ठोक आता.’

मी तीसही बुचं ठोकली. संध्याकाळी धुण्याच्या खोलीत मुंग्यांची रांग लागली. माझ्याच हातून सांडली असेल म्हणून मी फडकं मारलं. साखरेचा डबा रिकामा पाहून मॅरियन माझ्यावर घसरली, मी तिच्या चहावर घसरलो. बेसिनमध्ये एक वाकड्या दांड्याचा चमचा पडला होता, तो मी धुऊन ठेवला.

एकोणतीस बाटल्या खोक्यात मावल्या. तिसावी मॅरियनने फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरण्यांमागे सरकवली.

वाढदिवसासाठी सार्वजनिक सभागृह घ्यायचं होतं. त्याचा अर्ज भरायला गेलो तर खिडकीवर ब्रॉन्टे नावाची मुलगी होती. ‘सर, मद्याचा प्रकार लिहा.’

‘घरगुती बिअर.’

‘ते कुठल्या चौकटीत बसतं? इथे वाइन, बिअर आणि इतर आहे.’

‘बिअर.’

‘मग कंपनीचं नाव लिहा.’

‘कंपनी मीच.’

ती आत जाऊन कोणाला तरी विचारून आली. ‘इतर’वर खूण चालेल असं ठरलं. ‘पण सर, नियम अकरा. काचेच्या बाटल्या सभागृहात आणायच्या नाहीत. पिताना बाहेरून ग्लासात ओतून आणा.’

‘हा मूर्ख नियम कोणी केला?’ मी तावातावाने विचारलं.

ब्रॉन्टेने अर्ज उलटा केला. खाली बारीक अक्षरात मसुदा करणाऱ्याची सही होती. वीस वर्षांपूर्वी वाचनालयाच्या नव्या गालिच्यावर कोणीतरी रासबेरी सरबताची बाटली फोडली होती. मी तेव्हा रागाच्या भरात सतरा नियम लिहिले होते, आणि नगरपालिकेला ते इतके आवडले की सगळ्या सभागृहांना लागू झाले. सही फार वळणदार होती. मी अर्जावर मुकाट्याने खूण केली आणि निघालो.

फेब्रुवारीतला तो शनिवार कडक उन्हाचा होता. साठ माणसं आली. नियम अकरा पाळून मी एकोणतीस बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवल्या. गाडी सावलीत लावणार होतो, पण सावलीत कीथने आधीच आपली लावली होती. भाषण झालं की बिअर आणायची असं ठरलं.

रेक्स वॉकर धरून उभे राहिले. निळा सदरा, केसांना पाणी लावलेलं. मॅरियनच्या आईबद्दल बोलले, भट्टीबद्दल बोलले. दोन बायकांनी रुमाल काढले. मग ते माझ्याकडे वळले. ‘आणि दोन वर्षांनी आज मला घरची बिअर मिळणार आहे. ज्याला काही येत नाही असं मी समजत होतो त्याने केलीय. हा माझा जावई...’ ते थांबले. तोंड उघडलं. मी खुर्चीच्या टोकावर आलो. मॅरियनने माझा हात धरला.

ढुम्म.

सभागृहाच्या काचा थरथरल्या. रेक्सनी तोंड मिटलं. मग दुसरा आवाज, मग तिसरा, आणि मग घाई असल्यासारखे सगळेच. आम्ही बाहेर आलो तेव्हा डिकीच्या फटीतून तपकिरी फेस संथपणे खाली उतरत होता. हॉपचा असा घमघमाट सुटला होता की साठ माणसं उन्हात नुसती उभी राहिली. कोणी ओरडलं नाही. म्हातारी मिसेस ओल्डमेडो तर झोपेत हसावं तशी हसली. रेक्स डोळे मिटून हुंगत होते. एक क्षण मलाही वाटलं, हे काही वाईट नाही झालं.

मग कीथने तो क्षण संपवला. ‘वा लायब्ररी! बिअर सांगितली होती, तोफखाना आणलास.’

हशा झाला. डॅरलने डिकीतून बाटलीचा गळा चिमटीत धरून उचलला, जीभ लावली आणि प्लंबरच्या अधिकाराने निकाल दिला, ‘साखर दोनदा पडलीय.’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दोनदा? मी? वही माझ्या खिशातच होती. तारीख, वेळ, ग्रॅम, सगळं त्यात होतं. मी वही काढली, पान उघडलं, वर पाहिलं, आणि रेक्स दिसले. ते स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहत होते. त्या थरथरत्या हाताच्या दोन बोटांत एक चमचा धरल्यासारखा आकार झाला होता. मला मुंग्या आठवल्या. वाकडा चमचा आठवला. चाळीस वर्षं ते प्रत्येक बाटलीत एकेक चमचा घालत आले होते. त्या दिवशी कोणी साखर घातलेली त्यांनी पाहिली नव्हती. जावई विसरला, साठ माणसांसमोर मचूळ बिअर घेऊन तोंडघशी पडेल, म्हणून हा नव्वदीचा माणूस वॉकर सोडून, भिंत धरत, त्या हाताने तीस बाटल्यांत साखर घालत फिरला होता. मुंग्यांना पुरण्याइतकी थोडीफार सांडली, एवढंच.

मला रडू आलं, खरं सांगतो. मी वही मिटली.

‘बरोबर आहे,’ मी म्हणालो. ‘दोनदा घातली. विसरभोळा मीच.’

रेक्सनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावरही मी तीच कबुली दिली. खोटं एकदा बोललं की सगळीकडे सारखंच बोलावं लागतं. मिसेस यीस्टनी लिहिलं, ‘लायब्ररी, तुला वाचता येतं ना?’ काळ्या बाटलीने माझ्या नावापुढे बॉम्बचं चित्र लावलं, ते अजून आहे. ते सगळं मी सोसलं असतं. पण घरात रेक्स बोलेनासे झाले. मीठसुद्धा स्वतः उठून घेऊ लागले. आठ दिवस मला कोणी ‘लायब्ररी’ म्हणालं नाही, आणि गंमत बघा, मला ते फार लागलं.

नवव्या दिवशी दुपारी मॅरियन खरेदीला गेली होती. धुण्याच्या खोलीतून वॉकरचा आवाज आला. जाऊन पाहतो तर रेक्स खुर्चीत, समोर दोन ग्लास, आणि मांडीवर लोणच्यामागची ती तिसावी बाटली, गार, टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल मॅरियनच्या लग्नातला.

‘उघड,’ ते म्हणाले.

मी ती बेसिनवर धरून उघडली. अर्धी छताला गेली, अर्धी ग्लासांत आली. रेक्सनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. घोट घेतला, डोळे मिटले. बाहेर कोणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. एवढा वेळ गेला की मला वाटलं, ते भट्टीच्या माळ्यावर जाऊन झोपले.

‘लायनेल,’ ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, दुसरं कोणी आलं का म्हणून.

‘तुझ्या त्या पेटीतल्या माणसांना लिही. आत्ता, माझ्यासमोर. साखर रेक्स हॅलोरनने घातली. लायनेलची चूक नव्हती.’

‘राहू दे हो, रेक्स.’

‘लिही म्हणतो ना. बिअर चांगली झाली होती. थोडी कडू जास्त, पण चांगली.’

मी फोन काढला आणि ते सांगतील तसं लिहिलं. आम्ही घोट घेत वाट पाहिली. मिसेस यीस्टचं उत्तर सगळ्यात आधी आलं.

‘लायनेल कोण?’

मी फोन रेक्सपुढे धरला. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, ग्लास खाली ठेवला आणि फोन माझ्या हातातून घेतला. मग एका थरथरत्या बोटाने, अक्षर शोधत, चुकलं की पुसत, ते उत्तर लिहायला लागले: ‘माझा जावई.’

चार मिनिटं लागली त्यांना. मी मदत केली नाही.